बिल्ट-इन फंक्शन आणि लायब्ररी फंक्शन: कोड नेमका येतो कुठून?

प्रश्नाचा आशय थोडक्यात असा आहे. एम्बेडेड सी नुकतीच शिकू लागलेल्या एका वाचकाने विचारले आहे की, बिल्ट-इन फंक्शन आणि लायब्ररी फंक्शन यांत फरक कोणता. डिलेच्या फंक्शनला व्हेरिएबल दिले की कंपायलर ते का नाकारतो. प्रिंटएफला अपूर्णांक छापायला सांगितला की त्या जागी प्रश्नचिन्ह का उमटते. आणि इंटरप्ट रूटीनमधून, म्हणजे चालू काम मधेच थांबवून चालणाऱ्या फंक्शनमधून, लायब्ररी फंक्शन वापरावे की नाही. चारही प्रश्न वरवर वेगळे दिसले, तरी त्यांचे मूळ एकच आहे. आपण फंक्शनचे नाव लिहून कंस उघडतो, तेव्हा त्यामागचा मशीन कोड कोण पुरवतो आणि केव्हा पुरवतो, हे ठाऊक असले की चारही उत्तरे बरीचशी आपोआप सुटतात. फंक्शनांची नावे मी इथे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. प्रत्यक्ष स्पेलिंग हेडरमध्ये पाहून घ्यावे.

बिल्ट-इन फंक्शनचा कोड खुद्द कंपायलरला पाठ असतो. कॉल दिसताच तो त्या जागी एखाद-दोन इन्स्ट्रक्शन बसवतो आणि बहुतेक वेळा कॉल म्हणून काही शिल्लकच राहत नाही. लायब्ररी फंक्शन मात्र आधीच कोणीतरी लिहून, कंपाइल करून संग्रहात ठेवलेले असते. कंपायलर आपल्या ऑब्जेक्ट फाइलमध्ये 'इथे अमुक नावाचा पत्ता हवा आहे' एवढीच नोंद करतो आणि तो पत्ता भरण्याचे काम नंतर लिंकर, म्हणजे ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्ररी एकत्र जोडणारा प्रोग्रॅम, करतो. म्हणूनच बिल्ट-इनचा चुकीचा वापर बहुधा ओळ क्रमांकासह कंपायलरच दाखवून देतो, तर लायब्ररीचा घोटाळा 'अनडिफाइन्ड रेफरन्स' या लिंकरच्या तक्रारीतून कळतो. हा संदेश दिसला की कोडमधल्या ओळी पुन्हा पुन्हा वाचण्यात वेळ घालवू नये. दोष जवळजवळ नेहमी लिंकरला काय दिले आणि कोणत्या क्रमाने दिले यात असतो. गणिताची लायब्ररी ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी लिहिली, तर लिंकर तिथे पोहोचतो तेव्हा त्याला अजून कशाचीच गरज नसते, म्हणून तो ती तशीच ओलांडून पुढे जातो.

यातूनच नवशिक्यांचा सर्वांत चिवट गैरसमज समोर येतो, तो म्हणजे हेडर जोडले की लायब्ररी जोडली गेली. हेडरमध्ये फंक्शनचे फक्त वर्णन असते. किती आर्ग्युमेंट, कोणत्या प्रकारचे आणि परत काय येणार, एवढेच. जुन्या सीमध्ये हे वर्णन नसले तरी चालत असे आणि कंपायलर परतावा इंट आहे असे गृहीत धरत असे. त्यामुळे मॅथचे हेडर विसरलेला प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल होई आणि उत्तर मात्र भलतेच येई. १९९९ च्या मानकाने ही सवलत काढून घेतली, तरी जीसीसी हा सर्रास वापरला जाणारा कंपायलर कितीतरी वर्षे केवळ इशारा देत राहिला आणि २०२४ मधील १४ व्या आवृत्तीत त्याने ती चूक म्हणून धरायला सुरुवात केली. आपल्या कारखान्याचा किंवा चिपचा कंपायलर त्याहून जुना असेल, तर या इशाऱ्याला चूक मानण्याचा पर्याय स्वतः चालू करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

पण ही दोन टोके झाली, आणि खरी गंमत त्यांच्या मधे आहे. काही फंक्शने लायब्ररीत असतात, तरी कंपायलरला त्यांचा अर्थही कळतो. स्ट्रिंगची लांबी काढणाऱ्या एसटीआरलेनला थेट अवतरणातील मजकूर दिला, तर जीसीसी कॉल न करता लांबीचा आकडाच बसवतो. शेवटी नवी ओळ असलेला साधा मजकूर प्रिंटएफने छापला, तर ऑप्टिमायझेशन चालू असताना तो त्याऐवजी पुट्सचा कॉल घालतो; मग प्रिंटएफवर ब्रेकपॉइंट लावून बसलेल्या माणसाला तो का लागत नाही हे कळत नाही. याच कारणामुळे लायब्ररीतील नावे आपल्या फंक्शनांना देऊ नयेत. नोंदी ठेवण्यासाठी 'लॉग' नावाचे फंक्शन लिहिले की कंपायलर बिल्ट-इनशी विसंगती असल्याचा इशारा देतो, कारण त्याच्या लेखी लॉग म्हणजे लॉगॅरिदम. बिंदूच्या सहनिर्देशकासाठी 'वाय-वन' हे ग्लोबल व्हेरिएबल ठेवणाऱ्यालाही असाच धक्का बसतो, कारण ते गणितातील बेसेल फंक्शनचे नाव आहे, आणि बेसेल फंक्शन आपल्या तापमापकात कधी लागणार नाही या सबबीचा कंपायलरवर परिणाम होत नाही.

तिसरा गट आपण न बोलावता येणाऱ्या फंक्शनांचा. एआरएमच्या कॉर्टेक्स-एम० या प्रोसेसर गाभ्यात भागाकाराची इन्स्ट्रक्शन नाही. कोडमध्ये आपण फक्त भागाकाराचे चिन्ह लिहितो, पण लिंकरने काय कुठे ठेवले याची यादी असलेली मॅप फाइल उघडली की त्यात भागाकाराचे सहायक फंक्शन दिसते. ते कंपायलरसोबत येणाऱ्या साहाय्यक लायब्ररीतून आलेले असते. कॉर्टेक्स-एम३ वर तेच चिन्ह २ ते १२ सायकलींच्या एका इन्स्ट्रक्शनमध्ये उरकते. म्हणजे सारखाच कोड एका चिपवर बिल्ट-इनसारखा वागतो आणि दुसरीवर लायब्ररी फंक्शनसारखा. बिल्ट-इन म्हणजे वेगवान असे सरसकट विधान मी म्हणूनच करत नाही. एकचे बिट मोजणारे पॉपकाउंट हे जीसीसीचे बिल्ट-इन खरे, पण कॉर्टेक्स-एम गाभ्यांच्या साध्या पूर्णांक रजिस्टरांसाठी तशी इन्स्ट्रक्शन नसल्यामुळे तिथे बहुधा निमूटपणे लायब्ररीतील सहायक फंक्शनच बोलावले जाते.

मानकाकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. सीचे मानक दोन प्रकारचे वातावरण मानते. ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधाराने चालणारे होस्टेड आणि तसा आधार नसलेले फ्रीस्टँडिंग. १९९९ च्या मानकाने फ्रीस्टँडिंग वातावरणात केवळ ७ हेडर सक्तीचे केले आणि त्यांत स्ट्रिंगचे किंवा गणिताचे एकही फंक्शन नाही. आहेत ते प्रकार, मर्यादा आणि मॅक्रो. तरीसुद्धा जीसीसी या वातावरणातही मेमकॉपी, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमकंपेअर ही मेमरीचे बाइट उचलणारी, भरणारी आणि ताडून पाहणारी ४ फंक्शने कोणीतरी पुरवलेली आहेत असे धरून चालतो, कारण मोठे स्ट्रक्चर एकमेकांना दिले किंवा अॅरे शून्याने भरला, तर तो स्वतःहून त्यांचे कॉल घालतो.

हे मी एका बूटलोडरवर, म्हणजे चिप सुरू होताच चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर, काम करताना स्वतःच्या हाताने पोळून शिकलो. जागा वाचवण्यासाठी प्रमाण लायब्ररी काढून टाकली होती आणि मेमसेट मीच लिहिले होते. त्यात एक साधा लूप होता आणि तो बाइटमागून बाइट भरत जायचा. डीबगच्या बिल्डमध्ये सर्व सुरळीत चालले, पण ऑप्टिमायझेशन वाढवताच चिप सुरू होऊन लगेच हार्ड फॉल्टमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या गंभीर चुकीच्या स्थितीत, जाऊ लागली. दोन दिवस मी घड्याळ, स्टार्टअप फाइल आणि लिंकर स्क्रिप्ट यांच्यावर संशय घेत राहिलो. शेवटी डिसअसेंब्ली पाहिली, तेव्हा माझ्या मेमसेटच्या आत लूप नव्हताच. तिथे मेमसेटचाच कॉल होता. कंपायलरने लूपची धाटणी ओळखली, 'हे तर मेमसेट आहे' असे ठरवले आणि त्याच्या जागी कॉल घातला. फंक्शन स्वतःलाच बोलावत सुटले आणि स्टॅक संपला. लूपच्या धाटणीवरून कॉल घालणारे ते ऑप्टिमायझेशन त्या एका फाइलपुरते बंद केल्यावर बूटलोडर चालू झाला. ज्याला लायब्ररी स्वतः लिहायची आहे, त्याने आधी कंपायलरला तिच्याविषयी काय ठाऊक आहे ते पाहावे.

आता डिलेचा प्रश्न. एव्हीआर या ८ बिटांच्या चिपांच्या लायब्ररीतील मिलिसेकंद थांबवणारे फंक्शन दिसते फंक्शनसारखे, पण आत ते कंपायलरच्या 'इतक्या सायकली वाया घालव' अशा बिल्ट-इनवर उभे आहे. १६ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर १ मिलिसेकंद म्हणजे १६,००० सायकली, आणि नेमक्या तेवढ्या सायकली खाणारा लूप कंपाइल करतानाच रचला जातो. हा आकडा कंपाइलच्या वेळी माहीत असलाच पाहिजे, कारण लूप त्या आकड्यानुसार घडतो. व्हेरिएबलची किंमत तर प्रोग्रॅम चालू झाल्यावर कळणार. म्हणून कंपायलर स्थिरांकाची मागणी करतो. या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या व्हेरिएबल स्वीकारत असत, पण मग हिशेब चालू प्रोग्रॅममध्ये फ्लोटिंग पॉइंटने होई, त्यासाठीची लायब्ररी फ्लॅशमध्ये येऊन बसे आणि थांबण्याची वेळ कशीही वाढे. आजचा स्पष्ट नकार त्याहून कितीतरी चांगला. उपाय सोपा आहे. १ मिलिसेकंदाचा स्थिर डिले एका लूपमध्ये ठेवावा आणि तो लूप व्हेरिएबलइतक्या वेळा फिरवावा. लूपच्या चार-सहा जादा सायकली १६,००० सायकलींपुढे नगण्य ठरतात. मायक्रोसेकंदांसाठी मात्र ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिथे १ मायक्रोसेकंद म्हणजे १६ च सायकली आणि लूपचा खर्च डिलेच्याच तोडीचा होतो. पिक चिपांसाठीच्या मिक्रोसी कंपायलरने हा भेद नावातच ठेवला आहे: स्थिरांकाचा डिले वेगळा आणि व्हेरिएबलचा व्ही-डिले वेगळा.

डिलेचा हिशेब घड्याळाच्या ज्या आकड्यावर चालतो, तो आकडा आपण मॅक्रोने सांगतो. कंपायलर चिपला विचारायला जात नाही. एटीमेगा३२८पी ही एव्हीआर चिप कोरी येते तेव्हा आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ८ ने भागून १ मेगाहर्ट्झवर चालत असते. मॅक्रोत १६ मेगाहर्ट्झ लिहून फ्यूज, म्हणजे चिपमधली घड्याळ ठरवणारी सेटिंग, तसाच राहिला, तर सेकंदाने लुकलुकायला हवा तो दिवा १६ सेकंदांनी लुकलुकतो. असा पूर्ण पटीतला फरक दिसला की लायब्ररीवर संशय न घेता सरळ घड्याळ तपासावे.

बिल्ट-इन फंक्शने अतिशय उपयोगी पडतात ती सीला स्वतःहून बोलता न येणाऱ्या गोष्टींसाठी. इंटरप्ट बंद-चालू करणे, प्रोसेसरला झोपवणे, मेमरी बॅरियर टाकणे, बिट गोल फिरवणे यांपैकी एकासाठीही सीमध्ये चिन्ह नाही. ८०५१ या मायक्रोकंट्रोलरसाठीच्या काइल कंपायलरमधले टेस्टबिट हे मला यातले सर्वांत देखणे उदाहरण वाटते. ते बिट तपासते आणि तो १ असेल तर त्याच इन्स्ट्रक्शनमध्ये ० करते, त्यामुळे तपासणे आणि पुसणे यांच्यामध्ये इंटरप्टला शिरायला फटच राहत नाही. मात्र बिल्ट-इनच्या अटी मन लावून वाचाव्या लागतात. सुरुवातीचे शून्य बिट मोजणाऱ्या जीसीसीच्या सीएलझेडला ० ही किंमत दिली, तर उत्तर अनिश्चित असते, जरी एआरएमची त्याच नावाची इन्स्ट्रक्शन ० साठी ३२ देत असली तरीही. शिवाय हे बिल्ट-इन अनसाइन्ड इंट घेते आणि एव्हीआरवर इंट १६ बिटांचा असतो; ३२ बिटांची किंमत दिली, तर वरचे १६ बिट कापले जातात. त्यासाठी लाँग घेणारे वेगळे बिल्ट-इन वापरावे लागते.

प्रिंटएफच्या प्रश्नचिन्हाचे उत्तर लिंकरपाशी आहे. कोणत्या फॉरमॅटची गरज पडेल हे लिंकरला कळत नाही, कारण ते स्ट्रिंगमध्ये दडलेले असते. म्हणून एव्हीआरच्या लायब्ररीत या फंक्शनच्या गाभ्याच्या ३ आवृत्त्या ठेवल्या आहेत: अगदी लहान, नेहमीची आणि अपूर्णांकांसह पूर्ण. काही न सांगता नेहमीची जोडली जाते, तिला अपूर्णांक येत नाहीत आणि ती त्या जागी प्रश्नचिन्ह छापते. पूर्ण आवृत्ती लिंकरच्या पर्यायांतून मागून घ्यावी लागते. एआरएमवरील न्यूलिब-नॅनो या छोट्या सी लायब्ररीमध्येही अपूर्णांकांची सोय अशीच स्वतंत्रपणे मागावी लागते. माझे मत विचाराल तर ती मागूच नये. तापमान २३.७ अंश दाखवायचे असेल, तर आत २३७ हा पूर्णांक सांभाळावा आणि छापताना १० ने भागून भाग व बाकी वेगवेगळे छापावेत. उणे तापमानात चिन्ह आधी वेगळे काढावे, नाहीतर उणे ०.५ चे चिन्ह हरवते. फ्लॅशमधले काही किलोबाइट वाचतात आणि ३२ किलोबाइटच्या चिपवर ते जाणवतात.

प्रिंटएफबद्दलची दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे काहीच न छापले जाणे. न्यूलिबमधले प्रिंटएफ अक्षरे स्वतः कुठेही पाठवत नाही. ती 'राइट' या खालच्या फंक्शनकडे सोपवते आणि ते फंक्शन आपणच यूएआरटीला, म्हणजे चिपच्या सिरियल पोर्टला, जोडून द्यायचे असते. बफरसाठी प्रिंटएफ पहिल्या वापराच्या वेळी मॅलॉक या मेमरी वाटून देणाऱ्या फंक्शनकडे जागाही मागते. मॅलॉक ज्यातून जागा देते तो मेमरीचा भाग, म्हणजे हीप, ठेवलाच नसेल तर इथूनच अडचणी सुरू होतात, आणि बफर ओळीवार रिकामा होत असेल तर नवी ओळ येईपर्यंत मजकूर आतच अडकून राहतो. सुरक्षेशी संबंधित कामात मिस्रा सी २०१२ या सी वापरण्याच्या नियमावलीतील नियम २१.३ आणि २१.६ अनुक्रमे मॅलॉकच्या कुटुंबाला आणि प्रमाण इनपुट-आउटपुटला सरळ मनाई करतात, ती उगाच नव्हे.

गणिताच्या फंक्शनांत एका अक्षराने फार फरक पडतो. कॉर्टेक्स-एम४ मधले फ्लोटिंग पॉइंट युनिट फक्त एकेरी अचूकतेचे आहे. वर्गमूळासाठी एसक्यूआरटी लिहिले, तर आर्ग्युमेंट फ्लोट असले तरी हिशेब डबलमध्ये, म्हणजे दुहेरी अचूकतेत, व्हायचा आणि तो सॉफ्टवेअरने, शेकडो सायकली खर्चून. शेवटी एफ लावलेले एसक्यूआरटीएफ मात्र १४ सायकलींच्या एका इन्स्ट्रक्शनवर उतरते. त्यातही मेख अशी की, उणे संख्येसाठी एररनो हे चुकीचा क्रमांक ठेवणारे व्हेरिएबल भरण्याचे बंधन पाळण्याकरिता जीसीसी त्या इन्स्ट्रक्शनच्या मागे तपासणी आणि लायब्ररीचा कॉल जोडून ठेवतो. एररनोची गरज नसल्याचे पर्यायाने कळवले की तोही जातो. २.० सारख्या स्थिरांकामागे एफ विसरला तरी सारी पदावली डबलमध्ये जाते. नकळत होणाऱ्या या बढतीबद्दल इशारा देणारा पर्याय जीसीसीत आहे आणि अशा चिपवर तो मी कधीही बंद ठेवत नाही.

इंटरप्ट रूटीनमधून काय वापरावे, हे फंक्शन आपली आठवण कुठे ठेवते यावर ठरते. मेमकॉपी किंवा एसटीआरलेन यांची सारी मांडणी रजिस्टर आणि स्टॅकवर असल्याने जीसीसीच्या लक्ष्य-चिपांवर ती इंटरप्टमध्ये निर्धोक असतात. स्ट्रिंगचे तुकडे पाडणारे एसटीआरटोक मागील जागा एका स्थिर व्हेरिएबलमध्ये धरून ठेवते. मुख्य लूप एका ओळीचे तुकडे पाडत असताना इंटरप्टने दुसरी ओळ हातात घेतली की मुख्य लूपचे पुढचे तुकडे भलत्याच ओळीतून येतात. मॅलॉक आणि प्रिंटएफ यांचाही असाच सामायिक संसार असतो, म्हणून ती दोन्ही इंटरप्टपासून दूर ठेवावीत. ८०५१ वर तर आपले स्वतःचे फंक्शनही या बाबतीत भरवशाचे नाही. काइलचा कंपायलर लोकल व्हेरिएबल स्टॅकवर न ठेवता ठरावीक जागी ठेवतो आणि एकमेकांना न बोलावणाऱ्या फंक्शनांना तीच जागा वाटून देतो. सारखेच फंक्शन मेन आणि इंटरप्ट या दोघांतून बोलावले, तर लिंकर एल१५ क्रमांकाचा इशारा देतो. लोक त्याकडे दुर्लक्ष करतात, आणि मग आठवड्यातून एकदा येणारी चूक शोधत महिना घालवतात.

मेमकॉपी निर्धोक आहे याचा अर्थ ती अखंड आहे असा मात्र नाही. इंटरप्ट भरत असलेले स्ट्रक्चर मुख्य लूपने मेमकॉपीने उचलले, तर अर्धे जुने आणि अर्धे नवे हाती लागू शकते. एव्हीआरवर तर १६ बिटांची एकटी संख्या वाचतानाही हे घडते, कारण ती दोन बाइटांत वाचली जाते. अशा वेळी इंटरप्ट थांबवणारे बिल्ट-इन आधी आणि सुरू करणारे नंतर लिहिले जाते, आणि इथेच शेवटची खाच आहे. अशी जोडी असलेले आपले फंक्शन इंटरप्ट आधीच बंद असताना कोणी बोलावले, तर बाहेर पडताना ते इंटरप्ट चालू करून जाते आणि बोलावणाऱ्याचा राखीव भाग उघडा पडतो. म्हणून आत शिरताना जुनी स्थिती व्हेरिएबलमध्ये घ्यावी, म्हणजे एव्हीआरवर स्टेटस रजिस्टर आणि कॉर्टेक्सवर प्रायमास्क हे इंटरप्ट अडवणारे रजिस्टर. मगच इंटरप्ट बंद करावेत, आणि बाहेर पडताना 'चालू' न लिहिता तीच जुनी किंमत परत ठेवावी. एव्हीआरच्या लायब्ररीतील अॅटॉमिक ब्लॉक हा मॅक्रो, स्थिती परत ठेवण्याचा पर्याय त्याला दिला की, नेमके हेच करतो.